प्रवाळनगरीतील छोटा वैद्य

समुद्रावर नुकतेच उजाडले आहे. सूर्याचे तिरपे किरण निळ्या पाण्यातून खाली उतरून प्रवाळाच्या खडकांवर पडू लागले आहेत. एका उंच खडकाच्या आडोशाला एक धिप्पाड हेकरू मासा येऊन थांबला आहे. हेकरू म्हणजे समुद्रातील कसलेला शिकारी. एखादा लहान मासा जवळून जाऊ लागला, की आपला प्रचंड जबडा उघडून तो त्याला क्षणात गिळून टाकतो. इतक्यात समोरच्या कपारीतून बोटाएवढा एक निळा मासा बाहेर येतो. हेकरूला पाहून तो पळून जात नाही. उलट खालीवर नाचत त्याच्या अगदी तोंडासमोर जातो. हेकरू आपला जबडा उघडतो, आणि तो चिमुकला मासा सरळ त्या जबड्यात शिरतो!

पाहणाऱ्याला वाटावे, संपले याचे आयुष्य! पण जबडा मिटत नाही. तो चिमुकला जीव हेकरूच्या दातांमधून निर्धास्तपणे फिरतो, मध्येच काहीतरी टिपतो, कल्ल्याच्या झाकणाखालून बाहेर पडतो आणि हेकरूच्या पाठीवरचे खवले तपासू लागतो. हेकरू मात्र समाधी लागल्यासारखा निश्चल उभा असतो. थोड्या वेळाने तो आपल्या अंगाला हलकासा हिसका देतो. ती खूण ओळखून चिमुकला मासा दूर होतो. हेकरू निघून जातो आणि त्याच्या जागी दुसरा एक मासा येऊन उभा राहतो.

भक्ष्याने आपण होऊन भक्षकाच्या तोंडात जावे आणि भक्षकाने त्याला सुखरूप परत पाठवावे, हे नवल कसे घडते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्या चिमुकल्या माशाचे आणि तो जेथे राहतो त्या नगरीचे जीवन जवळून पाहिले पाहिजे.

ही नगरी माणसांनी बांधलेली नाही. उष्ण प्रदेशांतील उथळ, स्वच्छ आणि उबदार समुद्रात प्रवाळ नावाचे लहान लहान प्राणी राहतात. ते आपल्या शरीराभोवती चुनखडीचे कठीण कवच तयार करतात. एक पिढी संपते. तिच्या कवचावर दुसरी पिढी आपले घर बांधते. असे हजारो वर्षे चालत राहिले म्हणजे समुद्राच्या तळाशी मोठमोठे खडक आणि लांबच लांब भिंती उभ्या राहतात. कोठे हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, कोठे पसरट थाळ्या, तर कोठे घुमटासारखे गोल दगड, असे या प्रवाळांचे नाना आकार असतात. त्यांच्या कपारींत आणि बिळांत असंख्य जलचरांना आसरा मिळतो. समुद्राच्या एकंदर तळापैकी शेकडा एक भागही प्रवाळखडकांनी व्यापलेला नाही. परंतु समुद्रातील प्राण्यांच्या सुमारे एक चतुर्थांश जातींचे जीवन या ना त्या प्रकारे त्यांच्यावर अवलंबून असते.

जगातील सर्वांत मोठी प्रवाळभित्ती ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ आहे. तिला ग्रेट बॅरियर रीफ असे म्हणतात. तिची लांबी सुमारे २,३०० किलोमीटर असून तिच्या आसऱ्याने माशांच्या १,५०० हून अधिक जाती राहतात. तिच्या उत्तर भागात लिझर्ड नावाचे एक डोंगराळ बेट आहे. तेथील मूळचे दिंगाल लोक त्याला जीगुर्रू म्हणतात. इ. स. १७७० मध्ये कॅप्टन कुक हा दर्यावर्दी या बेटाच्या टेकडीवर चढला होता. प्रवाळभित्तीच्या वेढ्यात अडकलेल्या आपल्या जहाजाला बाहेर पडण्यासाठी वाट सापडते का, हे त्याला तेथून पाहायचे होते. बेटावर त्याला मोठमोठे सरडे दिसले, म्हणून त्याने बेटाला हे नाव दिले. आज तेथे समुद्रजीवनाचा अभ्यास करणारे एक संशोधन-केंद्र आहे. या पाठातील चिमुकल्या माशाविषयीची पुष्कळशी माहिती याच बेटाच्या आसपासच्या पाण्यातून मिळालेली आहे.

या माशाला इंग्रजीत ‘क्लीनर रास’ म्हणतात. मराठीत त्याला सफाईमासा म्हणता येईल. त्याचे शास्त्रीय नाव ‘लॅब्रॉइडिस डिमिडिएटस’ असे असून १८३९ साली व्हालांसिएन या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याचे प्रथम वर्णन केले. पूर्ण वाढलेला सफाईमासाही १४ सेंटिमीटरांपेक्षा मोठा नसतो. बहुतेक तर १० सेंटिमीटरांच्या आसपासच असतात. त्याचे अंग सडपातळ असते. पुढच्या बाजूस त्याच्या अंगावर पिवळसर झाक असते, तर शेपटीकडे ते चकचकीत निळे होत जाते. तोंडापासून निघालेला एक काळा पट्टा डोळ्यावरून शेपटीपर्यंत जातो आणि जाता जाता रुंद होतो. लहान पिल्ले मात्र काळीभोर असून त्यांच्या पाठीवर निळी तेजस्वी रेघ असते. हा निळा-काळा पोशाख म्हणजे जणू सफाईमाशाच्या दवाखान्याची पाटीच होय. ती दुरून पाहूनच इतर मासे त्याला ओळखतात.

तांबड्या समुद्रापासून व आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून ते प्रशांत महासागरातील दूरदूरच्या बेटांपर्यंत या माशाची वस्ती आहे. आपल्या देशातही लक्षद्वीपच्या आणि अंदमानच्या प्रवाळखडकांत तो आढळतो.

आता या वैद्याकडे रुग्ण का येतात ते पाहू. गुरांच्या अंगावर गोचीड बसतात हे खेड्यातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. माशांच्या अंगावरही असेच रक्त शोषणारे जीव बसतात. त्यांपैकी नॅथिड नावाचे जीव तर अतिशय उपद्रवी होत. ते झुरळासारख्या खंडित अंगाचे, पण आकाराने केवळ काही मिलिमीटर एवढेच असतात. ते वाळूत आणि खडकांच्या फटींत दडून बसतात व संधी मिळताच बाहेर येऊन माशांच्या अंगाला चिकटतात. रात्री त्यांचा त्रास विशेष वाढतो. पोपट माशांच्या काही जाती झोपण्यापूर्वी आपल्या अंगाभोवती बुळबुळीत पदार्थाचा एक पारदर्शक कोश तयार करतात. माणसे जशी डासांच्या भयाने मच्छरदाणी लावतात, तसा या कोशामुळे त्यांचा या रक्तपिपासू जिवांपासून बचाव होतो, असे आढळून आले आहे. परंतु सर्वच माशांजवळ अशी मच्छरदाणी नसते. माशाला हात नाहीत, नखे नाहीत. अंगाला चिकटलेला शत्रू त्याने काढावा तरी कसा? फार तर वाळूवर किंवा खडकावर अंग घासावे, इतकेच त्याच्या हाती असते.

म्हणून सकाळ झाली की रात्रभर त्रासलेले मासे सफाईमाशाच्या ठिकाणाकडे येऊ लागतात. हे ठिकाण ठरलेले असते. एखादा उंच खडक किंवा प्रवाळाचा मोठा गड्डा ही त्याची खूण. रुग्ण आला की तो एका विशिष्ट पवित्र्यात उभा राहतो. कोणी डोके वर करतो, कोणी खाली. कोणी आपले पर पसरतो, कोणी कल्ल्यांची झाकणे उघडतो. काही माशांचा तर या वेळी रंगही बदलतो. ‘मला तपासावे,’ अशी ती विनंती असते. मग सफाईमासा रुग्णाच्या अंगावरून डोक्यापासून शेपटीपर्यंत फिरतो आणि त्याला चिकटलेले जीव एकेक करून टिपतो. रुग्णाला आराम मिळतो आणि वैद्याला अन्न मिळते. फी द्यायची नाही, औषध घ्यायचे नाही. रोग हेच वैद्याचे भोजन!

हा वैद्य किती कामसू असतो, याची मोजणीही झालेली आहे. ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रा ग्रटर या संशोधिकेने लिझर्ड बेटाजवळ या माशांचा दीर्घकाळ अभ्यास केला. १९९६ साली तिने असे दाखवून दिले, की एक सफाईमासा दिवसभरात २,००० हून अधिक वेळा माशांची तपासणी करतो आणि सुमारे १,२०० परोपजीवी जीव खातो. रोज चार तासांहून अधिक वेळ तो या तपासणीत गुंतलेला असतो.

परंतु येथे एक शंका येते. अंगावरचे चार किडे गेले काय आणि राहिले काय, मोठ्या माशाला त्याचे काय होय? ही शंका शास्त्रज्ञांनाही आली होती. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात कॉनराड लिंबॉ या अमेरिकन पाणबुड्या शास्त्रज्ञाचा एक प्रयोग वर्णिलेला आहे. बहामा बेटांजवळच्या दोन खडकांवरून त्याने सफाई करणारे दुसऱ्या जातींचे जीव काढून टाकले. तेव्हा थोड्याच दिवसांत तेथील पुष्कळसे मासे निघून गेले. पण पुढे हवाई बेटांजवळ इतरांनी असाच प्रयोग केला, तेव्हा तसे काहीच घडले नाही. मग खरे काय मानावे? शास्त्रात एका प्रयोगावर निकाल देता येत नाही. पुन्हा पुन्हा, अधिक काटेकोरपणे पाहावे लागते.

तसे काटेकोर प्रयोग ग्रटरने केले. तिने काही माशांना पिंजऱ्यांत ठेवले. काही पिंजरे सफाईमासे असलेल्या खडकांवर, तर काही सफाईमासे काढून टाकलेल्या खडकांवर ठेवले. अवघ्या १२ तासांनी पाहिले, तो सफाईमासे नसलेल्या खडकांवरील माशांच्या अंगावर परोपजीवी जीव साडेचार पट अधिक होते! हा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला.

पण मासे स्वच्छ झाले, एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. पुढे लिझर्ड बेटाजवळच्या लहान लहान खडकांचे दोन गट करण्यात आले. एका गटात सफाईमाशांना राहू दिले. दुसऱ्या गटातून ते वरचेवर काढून टाकले. १८ महिन्यांनंतर दुसऱ्या गटाच्या खडकांवर दुरून येणाऱ्या माशांच्या जाती निम्म्या झाल्या होत्या आणि त्यांची संख्या एक चतुर्थांशावर आली होती. हा प्रयोग साडेआठ वर्षे चालू ठेवला, तेव्हा तेथे कायम राहणारे मासेही ३७ टक्क्यांनी कमी भरले. जे उरले, त्यांपैकी काही जातींचे मासे आकाराने लहान राहिले होते. खडक तेच, पाणी तेच, ऊनही तेच. उणीव होती ती केवळ बोटाएवढ्या एका माशाची. तेवढ्याने त्या लहानशा नगरीला अवकळा आली.

येथवर वाचून कोणाला वाटेल, की सफाईमासा म्हणजे परोपकाराचा पुतळाच असावा. पण खरी गोष्ट याहून मनोरंजक आहे. माशांच्या अंगावर बुळबुळीत पदार्थाचा एक पातळ थर असतो. या थरामुळे त्यांच्या कातडीचे रक्षण होते. सफाईमाशाला हा पदार्थ नॅथिड जिवांपेक्षाही अधिक आवडतो! म्हणजे वैद्यापुढे रोजच मोह उभा असतो. किडे खावे, तर रुग्णाचे कल्याण. हा थर कुरतडावा, तर जिभेची चैन, पण रुग्णाला वेदना. आणि कधी कधी सफाईमासा या मोहाला बळीही पडतो. तेव्हा रुग्ण मासा एकदम दचकतो. काही मासे रागाने त्याचा पाठलाग करतात. काही तडक निघून जातात आणि दुसरा वैद्य गाठतात.

मग सफाईमासा बहुतेक वेळा प्रामाणिक का राहतो? स्वित्झर्लंडमधील रेदुआन बशारी या शास्त्रज्ञाने ग्रटर हिच्यासह याचा शोध घेतला. त्यांनी काचेच्या टाकीत एक मासा असा ठेवला, की त्याला दोन सफाईमासे दिसावेत. एक सफाईमासा आपल्या कामात गुंतलेला होता, दुसरा काहीच करीत नव्हता. पाहणारा मासा त्या काम करणाऱ्याच्या बाजूलाच अधिक वेळ थांबला. म्हणजे रांगेत उभा असलेला रुग्ण केवळ वाट पाहत नसतो. वैद्य पहिल्या रुग्णाशी कसा वागतो, तेही तो पाहत असतो. आणि सफाईमाशालाही याची जाणीव असते. आपल्याकडे कोणी पाहत आहे असे दिसले, की तो आपल्या आवडीच्या घासाला आवर घालतो. हे प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाले. चांगले नाव मिळवावे लागते, ते जपावे लागते आणि एका चुकीने ते जाऊ शकते. माणसांच्या बाजारपेठेत चालणारा हा नियम प्रवाळाच्या नगरीतही चालतो.

या व्यवहारात सफाईमासा मोठा धोरणी असतो. शिकारी माशाच्या अंगाचा लचका तोडण्याचे धाडस तो सहसा करीत नाही. तेथे चूक झाली तर प्राणाशीच गाठ! दुरून आलेला मासा आणि शेजारचा मासा एकाच वेळी आले, तर तो दुरून आलेल्या माशाला आधी तपासतो. कारण शेजारी कोठे जाणार? पण पाहुण्याला ताटकळत ठेवले, तर तो दुसऱ्याच्या दवाखान्यात जाईल. रुग्ण अस्वस्थ दिसला, तर सफाईमासा आपल्या परांनी त्याच्या पाठीवर हलके हलके थोपटतो. अशा स्पर्शाने माशाच्या शरीरातील ताण खरोखरच कमी होतो, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले.

चांगल्या नावाचा फायदा घेणारे तोतये जसे माणसांत असतात, तसे समुद्रातही असतात. ‘अस्पिडॉण्टस’ नावाचा एक मासा रंगाने, आकाराने आणि चालीनेसुद्धा हुबेहूब सफाईमाशासारखा दिसतो. त्याचे तोंड मात्र पुढे नसून थोडे खालच्या बाजूस असते. वैद्य समजून एखादा भोळा मासा त्याच्यासमोर स्थिर उभा राहिला, की हा तोतया संधी साधून त्याच्या पराचा तुकडा तोडतो आणि पसार होतो. अशा प्रकारे फसलेले मासे हळूहळू शहाणे होतात आणि त्याला टाळू लागतात. म्हणून या तोतयाला केवळ फसवणुकीवर पोट भरता येत नाही. समुद्रतळावरचे कृमी आणि इतर माशांची अंडी खाऊन त्याला राहावे लागते.

सफाईमाशांचे कौटुंबिक जीवनही विलक्षण असते. एक मोठा नर आणि साधारणतः तीन ते सहा प्रौढ माद्या असे त्यांचे कुटुंब असते. अनेकदा नर आणि मादी मिळून एकाच रुग्णाची तपासणी करतात. अशा वेळी मादीने रुग्णाला कुरतडले आणि तो निघून गेला, तर नर तिचा पाठलाग करून तिला शासन करतो. त्यानंतर ती अधिक जपून वागते. त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी, की नर मरण पावला तर माद्यांपैकी सर्वांत मोठी मादी त्याची जागा घेते, आणि दोन-तीन आठवड्यांच्या आत ती खरोखरच नर बनते! ऑस्ट्रेलियातील हेरॉन बेटाजवळ केलेल्या अभ्यासातून रॉबर्टसन या शास्त्रज्ञाने १९७२ साली ही गोष्ट जगापुढे मांडली. घरचा कर्ता गेला, तरी दवाखाना बंद पडत नाही.

या चिमुकल्या डोक्यात बुद्धी तरी किती असावी? जपानमधील ओसाका येथे मासानोरी कोहदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सफाईमाशांच्या टाकीत आरसा ठेवला. मग चार माशांच्या गळ्यावर, त्यांना स्वतःला दिसणार नाही अशा जागी, किड्यासारखा दिसणारा एक तपकिरी ठिपका काढला. आरशात तो ठिपका पाहिल्यावर त्यांपैकी तीन माशांनी आपला गळा वाळूवर घासला! आरसा नसताना मात्र त्यांनी तसे केले नाही. २०१९ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याचा नेमका अर्थ काय, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तरीही दुसऱ्यांच्या अंगावरचे डाग शोधणाऱ्या या माशाला स्वतःच्या अंगावरचा डागही ओळखता येत असावा, हा विचार मोठा कुतूहलजनक आहे.

असा हा शहाणा, कष्टाळू मासा आज संकटात सापडू लागला आहे. रंगीत मासे काचेच्या टाकीत पाळण्याची हौस जगभर वाढल्यामुळे तो पुष्कळ ठिकाणी पकडून विकला जातो. परंतु टाकीत रुग्ण थोडे आणि किडे त्याहूनही थोडे. त्यामुळे त्याचे पोट भरणे कठीण होऊन बसते. ज्या खडकावरून त्याला नेले, त्या खडकाचा वैद्य जातो, आणि ज्या टाकीत त्याला आणले, त्या टाकीत तो स्वतःच उपाशी राहण्याची भीती असते.

याहून मोठे संकट समुद्राच्या वाढत्या उष्णतेचे आहे. प्रवाळाच्या शरीरात अतिसूक्ष्म वनस्पती राहतात. त्या सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करतात आणि प्रवाळाला पुरवितात. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा फार तापले, म्हणजे हे साहचर्य तुटते, त्या वनस्पती प्रवाळाला सोडून जातात आणि रंगीबेरंगी प्रवाळ पांढराफटक पडतो. पाणी लवकर निवले, तर तो पुन्हा सावरतो. उष्णता टिकून राहिली, तर तो मरतो. लिझर्ड बेटावर २०१४ आणि २०१५ साली मोठी चक्रीवादळे आली आणि २०१६ साली समुद्र तापून प्रवाळाची अपरिमित हानी झाली. त्यानंतर शास्त्रज्ञांनी तेथे मोजणी केली, तेव्हा सफाईमाशांपैकी सुमारे ८० टक्के मासे नाहीसे झालेले दिसले. त्याबरोबर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. जे उरले होते, त्यांचे पूर्वीचे चातुर्यही कमी झाले होते. नगरी ओस पडली, रुग्णांची वर्दळ थांबली. मग पाहुणा कोण, शेजारी कोण, कोणाला आधी तपासावे, हे शिकण्याची संधी तरी कोठून मिळणार? घर मोडले की केवळ माणसे जात नाहीत, त्या घरातील रीतीभातीही जातात. प्रवाळनगरीतही तसेच घडले.

हे दूरच्या समुद्रातील वर्तमान आहे, असे समजण्याचे कारण नाही. लक्षद्वीपच्या समुद्रातील प्रवाळही १९९८, २०१० आणि २०१६ साली असेच पांढरे पडले होते. ती बेटे प्रवाळानेच घडविलेली आहेत. तेथील माणसांचे अन्न, घर आणि पायाखालची जमीन यांचा प्रवाळाशी निकटचा संबंध आहे. म्हणून प्रवाळाचे रक्षण हे केवळ शोभेच्या माशांचे रक्षण नव्हे.

लिझर्ड बेटाजवळच्या खडकावर पुन्हा सकाळ होते. प्रवाळाच्या तुटलेल्या फांद्यांवर कोठे कोठे नवीन अंकुर दिसू लागलेले असतात. एखाद्या कपारीतून निळ्या अंगाचा, काळ्या पट्ट्याचा चिमुकला मासा बाहेर येतो आणि खालीवर नाचू लागतो. दुरून एक मोठा मासा सावकाश येतो, थांबतो आणि जबडा उघडतो. त्या दोघांत करार लिहिलेला नसतो, साक्षीदार नसतात, पहारेकरी नसतो. तरीही एकजण विश्वासाने आत जातो आणि दुसरा तो विश्वास राखतो. ज्या नगरीत हा व्यवहार अखंड चालू राहतो, तीच नगरी नांदती राहते.

शब्दार्थ
कसलेला – मुरलेला, तरबेज. निर्धास्तपणे – न भिता. पवित्रा – उभे राहण्याची विशिष्ट पद्धत. परोपजीवी – दुसऱ्याच्या शरीरावर जगणारा. अवकळा – वाईट दशा. तोतया – खोटे रूप घेणारा. शासन – शिक्षा. साहचर्य – एकत्र राहणे. वर्दळ – ये-जा.

स्वाध्याय
१. हेकरू माशाने सफाईमाशाला का गिळले नाही?
२. प्रवाळाचे खडक कसे तयार होतात, ते तुमच्या शब्दांत सांगा.
३. सफाईमासे काढून टाकलेल्या खडकांवर १८ महिन्यांनी आणि साडेआठ वर्षांनी काय आढळले?
४. ‘रांगेत उभा असलेला रुग्ण केवळ वाट पाहत नसतो,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. दुरून आलेल्या माशाला सफाईमासा आधी का तपासतो?
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: मोहाला बळी पडणे, प्राणाशी गाठ असणे, ओस पडणे.
७. तुमच्या गावात विश्वासावर चालणारा एखादा व्यवहार तुम्ही पाहिला असेल. त्याविषयी दहा ओळी लिहा.